टायरमधला काटा

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या चोरखमाऱ्यात सायकल दुरुस्तीकडे हौस म्हणून पाहता येत नाही. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. पर्यटक इथल्या गेटमधून जिप्सीत बसून आत जातात, पण जंगलकाठच्या गावांत सायकलवाचून आजही अडतं. मोहफुलं वेचायची, पुढे तेंदूपत्ता तोडायचा, तर उजाडायच्या आत निघावं लागतं. रानवाटेवर बोरीचा काटा रुतला आणि दुकान तिरोड्याच्या बाजारात असलं, तर अख्खा दिवस बुडतो. त्यातून सांज झाली, तर अस्वल-बिबट्याच्या मुलखातून सायकल ढकलत घर गाठायचं. म्हणून पंक्चर काढणं, वॉल्व्हची रबरी नळी बदलणं, उतरलेली चेन चढवणं आणि ब्रेकचे रबर बसवणं एवढं ज्याची सायकल त्याला आलंच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. त्यातही आधी ते मुलींना यावं. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्या शाळा सुटू नये म्हणून. मग चाक बसलं म्हणून तिची शाळा का बुडावी? सायकलीबरोबर पान्हा, पॅच आणि सोल्युशनची ट्यूब द्यावी, आणि शाळेतल्या एका तासात ते वापरायलाही शिकवावं.

घरी केलेलं काम टिकत नाही, असा आक्षेप येतो. तो अर्धा खरा आहे, कारण बहुतेक जण घाई करतात. ट्यूब घासून सोल्युशन लावलं की ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच पॅच दाबायचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टायरच्या आतून जपून फडकं फिरवायचं. काटा तिथेच राहिला, तर नवा पॅच दुसऱ्या वळणापर्यंतही पोचत नाही. यात अवघड काही नाही, फक्त कुणीतरी एकदा समोर बसवून दाखवावं लागतं.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो: सगळेच शिकले तर दुकानदाराने खायचं काय? पंक्चरचे पैसे त्याची रोजची मिळकत असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बिघडलेली सायकल ओसरीत गंजत पडली, तर तिच्यातून त्यालाही काही मिळत नाही. चालती सायकल मात्र टायर मागते, चेन मागते, ग्रीस मागते. शिवाय चाकाचा आऊट काढणं म्हणजे एकेक आरा जोखून ताणणं. तो हात वर्षानुवर्षांच्या सरावाने बसतो. कॉटर पिन घरी हातोडीने ठोकली, तर आटे चेपतात आणि दोन रुपयांच्या जागी वीस जातात. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, हे ठाऊक नसलेला माणूस ते सोडवायला जाऊन अजूनच आवळून ठेवतो. अशी कामं दुकानातच न्यावीत, आणि घासाघीस न करता त्यांचे पंक्चरपेक्षा जास्त पैसे मोजावेत.