पॉट्सडॅमचा जिना

‘मेडशन इन युनिफॉर्म’ म्हटलं की मला आधी जिना आठवतो. पॉट्सडॅमच्या त्या निवासी शाळेतला, वळणं घेत वर चढणारा, मधोमध विहिरीसारखी पोकळी असलेला. मुली त्याच्या कठड्याला रेलून कुजबुजतात, रांगेनं उतरतात. सिनेमा 1931चा, पण कॅमेरा वरून खाली डोकावला की आजही पोटात गोळा येतो.

शाळा प्रशियन लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलींची. पट्ट्यापट्ट्यांचे गणवेश, चापूनचोपून बांधलेले केस, जेवण अर्धपोटी. उद्याच्या सैनिकांच्या आया शिस्तीतून आणि भुकेतूनच घडतात, यावर काठी टेकत फिरणाऱ्या मुख्याध्यापिकेची गाढ श्रद्धा. आई गेलेली, चौदा वर्षांची मानुएला इथं येऊन पडते. रात्री शिक्षिका फॉन बर्नबुर्गबाई ओळीनं एकेकीच्या कपाळाचा मुका घेत जातात. मानुएला त्यांच्या गळ्यातच पडते, आणि क्षणभर बाईंनाही शाळेचा नियम आठवत नाही.

लोक याच प्रसंगाबद्दल बोलतात. मला मात्र त्यानंतरचा जास्त लागतो. पोरीच्या आतल्या कपड्यांच्या चिंध्या झालेल्या बघून बाई आपल्या कपाटातली एक शमीज काढून तिच्या हातात ठेवतात. बाई झालेल्या डोरोथेया वीकचा चेहरा इथं अगदी कोरा आहे. जणू वही-पेन्सिलच दिली. हेर्टा थीलेच्या मानुएलाला मात्र रडू आवरत नाही. पुढं शाळेत शिलरच्या ‘डॉन कार्लोस’चा प्रयोग होतो, मानुएला त्यात नायक. प्रयोगानंतर पंच चढल्यावर ती सगळ्यांसमोर बाईंवरचं प्रेम सांगून टाकते, अंगातल्या शमीजसकट. मग शिक्षा, एकांतवास, आणि तो जिना.

ख्रिस्टा विन्स्लोच्या मूळ नाटकात मानुएला जीव देते. सिनेमात मुली शिस्त झुगारून धावतात आणि तिला कठड्यावरून आत ओढतात. हा शेवट गोड केला, अशी तक्रार असते. मला ती पटत नाही. मुख्याध्यापिका गप्प उभ्या मुलींसमोरून एकटी पायऱ्या उतरत जाते; यात गोड काय आहे?

दिग्दर्शिका लिओंटिन सागन. पडद्यावर एकही पुरुष नाही. कलावंत-तंत्रज्ञांनी पगाराऐवजी नफ्यात वाटा घेऊन हा सिनेमा सहकारी तत्त्वावर काढला. दोन वर्षांत हिटलर आला. सिनेमाचे कलात्मक मार्गदर्शक कार्ल फ्रोलिश नाझी पक्षात गेले आणि 1939 साली सरकारी चित्रपट संस्थेचे अध्यक्ष झाले. नाझींची साथ नाकारणारी थीले 1937 साली स्वित्झर्लंडला गेली. विन्स्लो 1944 साली फ्रान्समध्ये गोळी घालून मारली गेली.

1958 साली रोमी श्नायडरला घेऊन या सिनेमाची रंगीत आवृत्ती निघाली. देखणी आहे. पण पाहायचा तर आधी 1931चाच पाहा.