आजीचें वाळवण आणि आईचें शीतकपाट

आमच्या खानदेशांत उन्हाळा लागला कीं घरोघरीं कुरडया, बिबडे, पापड व सांडगे यांचें वाळवण पडतें. आजीनें जंतुशास्त्र वाचलेलें नाहीं. तरी अन्नांतील पाणी नाहींसें केलें म्हणजे तें नासत नाहीं, हें शास्त्र तिच्या हातांत आहे.

मात्र वाळवणांत मीठ पुष्कळ असतें. तीन वर्षांपूर्वी आजीस रक्तदाबाचा विकार जडला व डॉक्टरांनीं मीठ अगदीं कमी करण्यास सांगितलें. जिनें साऱ्या आळीचे सांडगे घातले, तिच्याच ताटांतून सांडगे, पापड व लोणचें वर्ज्य झालें! वैशाखांत बोदवडच्या बाजारांत ताजी भाजी थोडी आणि महाग. आई दिवसभर कामावर. आजीनें भाकरी खावी तरी कशाशीं?

तेव्हां आईनें शीतकपाटाचा, म्हणजे आपल्या फ्रीजचा, आश्रय घेतला. हिवाळ्यांत वाटाणा स्वस्त होतो. तो सोलून ती दोन मिनिटें उकळत्या पाण्यांत ठेवते, लगेच थंड पाण्यांत टाकते, कोरडा करते आणि पातळ पसरून बर्फाच्या कप्प्यांत गोठविते. भरताचीं वांगीं भाजून त्यांचा गरहि एकेका वेळेपुरता पिशव्यांत भरून ठेवते. यास मिठाचा कणहि लागत नाहीं. वैशाखांतील सायंकाळीं मिरची, लसूण व शेंगदाणे घालून फोडणी दिली कीं पाव तासांत भरीत तयार!

आजीनें प्रथम तें शिळें म्हणून दूर सारलें. परंतु पाण्याचें बर्फ झालें म्हणजे जंतूंस तें वापरतां येत नाहीं. त्यांची वाढ थांबते. ते मरत मात्र नाहींत. म्हणून बाहेर काढलेली भाजी तत्काळ शिजवावी, वितळलेली पुन्हा गोठवूं नये, आणि वीज गेल्यास कपाटाचें दार उघडूं नये.

क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन गृहस्थानें 1912 नंतर लॅब्रॅडॉरच्या हिमप्रदेशांत पाहिलें कीं, कडाक्याच्या थंडींत क्षणांत गोठलेले मासे महिन्यांनंतरहि चवीस ताजे लागतात. हळूहळू गोठल्यास बर्फाचे मोठे स्फटिक होऊन अन्नाच्या पेशी फाटतात. त्वरित गोठल्यास स्फटिक बारीक राहतात. याच तत्त्वावर तयार केलेलें अन्न 1930 सालीं स्प्रिंगफील्ड येथें विक्रीस आलें. पातळ पसरण्याचें कारणहि हेंच.

मात्र दुकानांतील प्रत्येक गोठविलेली पिशवी आरोग्यदायी नसते. तळणाच्या तयार पदार्थांत तेल व मीठ भरपूर असतें; साधी भाजी आणि तसले पदार्थ यांत फार अंतर आहे. पिशवीवरील मजकूर वाचूनच ती घ्यावी.

योसेफानें मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांचें धान्य दुष्काळाच्या सात वर्षांसाठीं राखलें. आपणांस तर केवळ माघांतील भाजी वैशाखापर्यंत राखावयाची आहे. आजीहि आतां आमच्या पंक्तीस बसून भरीत-भाकरी आवडीनें खाते. विद्यार्थिमित्रहो, वाटाणे सोलण्यास मोठी विद्या लागत नाहीं. एक सायंकाळ आणि आईच्या हातांस आपले दोन हात, एवढें पुरे आहे.