लॉग टेबल आणि पंधराशे वॉट



बारावीत लॉग टेबलाच्या पुस्तिकेशी झटापट केलेली इथे बरीच मंडळी असतील. दोनचा लॉग ०.३०१० हे मला अजून पाठ आहे, आणि चक्क उपयोगी पडतं: पॉवर दुप्पट म्हणजे ३ डेसिबल!

दिवसा सॉफ्टवेअर, रात्री हॅम रेडिओ असा माझा संसार. अमेरिकेत हौशी लोकांना बहुतेक बँडवर १५०० वॉटपर्यंत परवानगी आहे. पण अँटेना मागच्या अंगणात, आणि तिथेच मुलगी खेळते. मे २०२१ पासून लागू झालेल्या एफसीसीच्या नियमांप्रमाणे आसपासच्या माणसांवर किती रेडिओलहरी पडतात हे आम्हाला तपासावं लागतं. ते गणित वॉटपासूनच सुरू होतं, तेव्हा वॉट नीट मोजायला हवेत.

साध्या वॉटमीटरमधला डायोड मोठ्या पॉवरला ठीक. पण अँटेनाकडून परत येणारा एखादा वॉट मोजायचा तर काटा तळाशीच घुटमळतो. लॉग डिटेक्टरचं तसं नाही. अॅनलॉग डिव्हायसेसची एडी ८३०७ चिप घ्या. आत सहा अॅम्प्लिफायर एकापुढे एक. सिग्नल वाढला की आधी शेवटचा भरतो, मग त्याच्या अलीकडचा. सगळ्यांची बेरीज केली की आपोआप लॉग! दर डेसिबलला २५ मिलिव्होल्ट, रेंज सुमारे ९२ डेसिबल.

चिपला झेपतात मात्र जेमतेम ५० मिलिवॉट. म्हणून मध्ये ५० डेसिबलचा कपलर लावायचा. तो लाखातला एक भाग देतो, म्हणजे १५०० वॉटचे १५ मिलिवॉट.

आता खरी मेख. मोजण्यात एक डेसिबलचा फरक पडला तर चिपच्या दृष्टीने ते फक्त २५ मिलिव्होल्ट. पण एक डेसिबल म्हणजे सुमारे २६ टक्के. एका वॉटवर पाव वॉट, कोण विचारतो? १५०० वर तेच जवळजवळ ३९० वॉट होतात! लॉगमुळे मोठे आकडे छोटे दिसतात, तशी मोठी चूकही छोटी दिसते.

म्हणून मीटर वरच्या टोकाला, माहीत असलेल्या पॉवरवर कॅलिब्रेट करावा, आणि तोही बोलून नव्हे तर स्थिर कॅरियर देऊन, कारण सिग्नलचा आकार बदलला की रीडिंगही सरकतं. माझं म्हणाल तर मीटरने ११०० दाखवले की मी थांबतो आणि अंगणाच्या गणितात पूर्ण १५०० धरतो. चार डीएक्स स्टेशनं कमी मिळाली तरी चालतील.

तुमच्यापैकी कुणी वेगळी चिप वापरत असेल तर जरूर लिहा.

आपला,
रात्रपाळीचा हॅम