वाळूतला बिबट्या

आमच्या अकोल्याच्या घरात समुद्र आहे असे मी सांगितले, की ऐकणारा प्रथम हसतो. वऱ्हाड कुठे आणि समुद्र कुठे! मुंबईहून रात्री सुटलेली अमरावती एक्सप्रेस सारी रात्र धावते, तेव्हा कुठे पहाटे अकोल्याचे स्टेशन येते. परंतु आमच्या बैठकीच्या खोलीत, देवघराच्या दाराला लागून, चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच अशी एक काचेची पेटी आहे, आणि तिच्यात सुमारे चारशे लिटर खारे पाणी आहे. तेवढाच आमचा समुद्र.

खाऱ्या पाण्याचे वऱ्हाडाला तसे नवल नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तिथल्या विहिरींचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या लोक तोंड वाकडे करीत पीत आले. माझ्या आजीचे माहेर दर्यापूर तालुक्यातले. तालुक्याच्या नावातच दर्या! तिच्या गावच्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. म्हणून मी मिठाच्या पिशव्या विकत आणून चांगल्या पाण्यात ओतू लागलो, तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

"आमी जलमभर खाऱ्या पान्याले रडलो, अन् तू मीठ इकत आनतं?"

तिचे म्हणणे काही खोटे नव्हते. पण विहिरीचा खारटपणा वेगळा आणि समुद्राचा वेगळा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्या क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण साऱ्या महासागरांत जवळजवळ एकच असते. आमच्या पाण्यातले क्षार निराळे, त्यांचे प्रमाण निराळे. म्हणून नळाचे पाणी प्रथम यंत्रातून गाळून अगदी अळणी करावे लागते आणि मग त्यात समुद्राचे मीठ मोजून मिसळावे लागते. चारशे लिटरांना चौदा किलो! उन्हाळ्यात पेटीतले पाणी भराभर आटते; पण आटते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. हे ठाऊक नसल्याने पहिल्या वैशाखात मी आटलेल्या पाण्याच्या जागी पुन्हा खारेच पाणी ओतीत राहिलो आणि एक सुंदर लाल झिंगा गमावून बसलो. निचरा नसलेल्या जमिनीतही ऊन असेच पाणी नेते आणि क्षार ठेवते. आजीच्या माहेरचे दुःख मला पुस्तकापेक्षा त्या पेटीने अधिक समजावले.

पेटी दोन वर्षांची झाली, दगडांवर जांभळट शेवाळ धरले, आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन विदूषक मासे तिच्यात सुखाने नांदू लागले. इतक्यात जानेवारी महिन्यात मला कामानिमित्त मुंबईस जावे लागले. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. ते १९५१ साली सुरू झाले. समुद्री माशांचे वेड मला तिथेच लागले. मुंबईस गेलो की माशांच्या एखाद्या दुकानात डोकावल्याशिवाय माझे पाय परतत नाहीत. त्या दिवशी एका पेटीच्या कोपऱ्यात तो दिसला. बोटाएवढी लांबी, पांढुरके अंग, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत एकमेकांना चिकटलेले काळपट ठिपके. दुकानदार म्हणाला, "लेपर्ड रॅस. बालीहून आलाय, चारच दिवस झाले."

लेपर्ड म्हणजे बिबट्या. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेल्या नावात मात्र 'मेलिॲग्रिस' असा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ गिनी कोंबडी! एकाला त्या ठिपक्यांत कोंबडी दिसली, दुसऱ्याला बिबट्या. नाव ठेवण्याचे काम आजीकडे असते, तर तिने त्याला ठिपक्यांची रांगोळी म्हटले असते. या जातीची आणखी एक मौज आहे. हे सारे मासे प्रथम मादीच असतात. पुढे त्यांच्यातील मोठी व वरचढ मादी नर होते, आणि मग तिचे अंग तांबूस होऊन त्यावर हिरवे ठिपके उमटतात. तेव्हा माझा बिबट्या खरे पाहता मादीच होता. परंतु घरात सर्वांच्या तोंडी 'तो' बसला, तो बसलाच.

थर्मोकोलच्या खोक्याभोवती शाल गुंडाळून मी रात्रभर ते मांडीवर घेऊन बसलो. घरी येताच पाण्याची पिशवी पेटीत तरंगत ठेवली, म्हणजे दोन्हीकडचे पाणी सारखेच कोमट व्हावे. मग बारीक नळीने तासभर थेंब थेंब पाणी त्या पिशवीत सोडले आणि अखेर माशाला अलगद पेटीत उतरविले. तो क्षणभर थबकला, एक गिरकी घेतली, आणि डोके खाली करून सुरी लोण्यात शिरावी तसा वाळूत शिरला. वाळूचा थर जेमतेम तीन बोटे जाडीचा. पण तो गेला तो गेलाच. दोन विदूषक मासे त्या जागेवर येऊन टकमक पाहू लागले, आणि मीही.

ही त्याची रीतच आहे, हे मी वाचले होते. हे मासे रात्री वाळूत निजतात आणि भय वाटले की वाळूतच दडतात. तथापि वाचलेले आठवणे निराळे आणि रिकाम्या पेटीसमोर बसणे निराळे. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, चौथा गेला. कचेरीतून सहा वाजता परतलो की मी पायांतल्या वहाणा न काढताच पेटीपाशी जाई. दिव्यांची वेळ मी दुपारी बारा ते रात्री दहा अशी बांधली होती, म्हणजे संध्याकाळी घरच्यांना शोभा पाहता यावी. त्या लखलखाटात सारे दिसे. तेवढा बिबट्या दिसत नसे.

मनात शंका उभी राहिली ती अशी. मासा वाळूत मेला असेल, तर तो तिथे कुजेल, त्यातून अमोनिया सुटेल आणि इतरांच्या जिवावर बेतेल. तेव्हा वाळू उकरून त्याला काढलेच पाहिजे. पण तो जिवंत असेल, तर उकरण्यानेच मरेल. मी रोज काचनळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकून पाही. पाणी पिवळे राहिले तर ठीक, हिरवट झाले तर घात. ते पिवळेच राही. पण बोटाएवढ्या माशाने चारशे लिटर पाणी बिघडलेच पाहिजे, असे तरी कोणी सांगावे?

अखेर मी अमरावतीला मामांना फोन केला. मामांनी पूर्वी अनेक वर्षे असे मासे पाळले होते. प्रथम ते मनमुराद हसले.

"अरे, आमच्याकडे पोहऱ्याच्या जंगलातला बिबट्या गावाजवळ आला म्हटले, की लोक दारे लावून घेतात. आणि तू म्हणतोस, तो दिसत नाही म्हणून जीव घाबरा झाला!" मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ, वाळूत हात घालू नकोस. माझ्याकडे असाच एक होता. चौथ्या दिवशी मला धीर धरवला नाही. सळईने वाळू चाळली, तो निघाला जिवंतच. पण त्याच्या जबड्याला सळई लागली होती. त्याला खाता येईना. दोन दिवसांनी गेला. पुढे मी पेटीच काढून टाकली."

हे मामांनी मला पूर्वी कधीच सांगितले नव्हते. मला वाटत आले होते, की जागेच्या अडचणीमुळे त्यांनी छंद सोडला.

मामांचे ऐकून मी आणखी दोन दिवस काढले. सातव्या दिवशी रात्री मात्र माझा निश्चय ढळला. सारे निजल्यावर मी बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. बोटे वाळूला टेकली. इतक्यात मागून आवाज आला.

"कायले उकरतं बाप्पा?"

"आजी, तो मेला असेल गं. आठवडा झाला."

"मेला? तो तं रोज पहाटीच उठते! तूच झोपून राह्यतं."

मी हात बाहेर काढला. आजी चार वाजता उठते, देवघरात समई लावते आणि जपाला बसते. समईचा उजेड शेजारच्या पेटीत पडतो. त्या उजेडात तिने त्याला पहिल्या दिवसापासून पाहिले होते. तिला कोणी विचारले नव्हते, म्हणून तिने सांगितले नव्हते!

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्याजवळ जाऊन बसलो. थंडी चांगलीच होती. चार वाजून गेले, समई लागली, आणि थोड्या वेळाने वाळूचा एक लहानसा डोंगर हलला. प्रथम तोंड बाहेर आले, मग डोळे. ते डोळे स्वतंत्रपणे इकडेतिकडे फिरत होते. मग अंग झाडून तो सबंध वर आला आणि दगडांजवळून फिरत, क्षणभर थांबून, नेम धरून, काहीतरी टिपू लागला. जुन्या पेटीतल्या दगडांवर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे कवचधारी जीव वाढतात, तेच त्याचे अन्न. मला ओरडावेसे वाटले. आजीने ओठांवर बोट ठेवले.

उलगडा सोपा होता. बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथे सूर्य उगवतो तेव्हा अकोल्यात पहाटेचे साडेतीन-चार वाजलेले असतात, आणि तिथे सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार. बिबट्या आमच्या घरात आला होता, पण दिवस तो बालीचाच पाळीत होता. दुपारी दिवे लागत तेव्हा तो बाहेर असेलही. परंतु त्या वेळी मी कचेरीत आणि आजी वामकुक्षीत. मी घरी येईपर्यंत त्याची रात्र झालेली असे.

मामांच्या सल्ल्याने मी दिव्यांची वेळ बदलली. प्रथम दिवे पहाटेच लावू लागलो आणि मग रोज पंधरा-पंधरा मिनिटे पुढे सरकवीत गेलो. तोही तसाच सरकत आला. महिन्याभरात तो विरघळविलेला गोठीव आर्टेमिया खाऊ लागला. पोटाची खळगी भरून आली.

असा मासा मी पुन्हा विकत घेईन का? मला नाही वाटत. ज्याच्या शरीरात प्रवाळांवरचा सूर्योदय इतका खोल रुजलेला आहे, त्याला पिशवीत घालून वऱ्हाडात आणण्याचा हक्क मला कोणी दिला, हा प्रश्न त्या पहाटेपासून माझ्या मनात आहे, आणि पेटीसमोर बसलो की तो पुनःपुन्हा वर येतो. आणलेल्याला नीट सांभाळणे एवढेच आता हाती आहे.

आता आमच्या बिबट्याचा दिवस सकाळी आठला सुरू होतो. कचेरीस जाण्यापूर्वी मी त्याला खाऊ घालतो, आणि तो काचेपाशी येऊन उभा राहतो. मी खूश आहे. आजी तेवढी खूश नाही. परवा पहाटे पाणी प्यायला उठलो, तो ती समई लावून पेटीकडे पाहत बसलेली. वाळू स्तब्ध होती.

"पाह्य," ती म्हणाली, "आता हाही तुह्यावानीच उशिरा उठते."