दोर तुटला तर?

कॉलेजात जाणारी लेक एक दिवस फॉर्म पुढ्यात ठेवून म्हणाली, ''आई, सही कर. मला ग्लायडिंग शिकायचंय,'' तर तुम्ही काय कराल? मी तो हळदीच्या डब्याखाली सारला आणि चार दिवस विसरल्याचं सोंग केलं. बिनइंजिनाचं विमान! १९८४ सालची गोष्ट ही.

''आधी बघ तरी,'' म्हणून तिनं एका रविवारी मला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर नेलं. वाटलं होतं, डोंगरावरून ढकलत असतील. तसं काही नव्हतं. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला विंच होतं. विंच म्हणजे इंजिनावर फिरणारा मोठा रहाटच म्हणा ना! त्याची लांबलचक पोलादी तार इकडे ग्लायडरच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवली. ग्लायडर एका चाकावर उभं, म्हणून एक मुलगा पंखाचं टोक धरून. खूण झाली. तार आधी सावकाश ताणली, कारण ढिल्या तारेला एकदम हिसका बसू द्यायचा नाही. दुसऱ्या खुणेला रहाट जोरात फिरला. तो मुलगा पंखाबरोबर चार पावलं पळाला न पळाला, तोच ग्लायडर नाक वर करून पतंगासारखं चढलं. मिनिटभरात पार डोक्यावर! मग वैमानिकानं आतली मूठ ओढून तार सोडली. तिच्या टोकाची छोटी छत्री उघडली नि ती खाली आली. वर ग्लायडर घारीसारखं फिरत राहिलं, आवाज म्हणून नाही.

माझ्या पोटात मात्र गोळा. शिकवणाऱ्या गृहस्थांना विचारलंच, ''दोर तुटला तर?''

त्यांनी माझ्या तळहातावर बोटाएवढी धातूची पट्टी ठेवली. तार आणि ग्लायडर यांच्यामध्ये ती असते, मुद्दाम कच्ची. ताण फार झाला तर पंखांच्या आधी ती तुटावी म्हणून! ''आणि तुटली की पहिलं काम, नाक खाली. वेग राहिला तर विमान हातात राहतं. मग उंची असेल तसं, समोर उतरायचं की वळून यायचं ते बघायचं. एकटं सोडण्याआधी आम्ही मुद्दाम मध्येच तार सोडून हे घोटून घेतो.''

जमीन जवळ दिसत असताना नाक खाली घालायचं! मी असते तर जिवाच्या भीतीनं वरच ओढलं असतं बाई. लेकीकडे पाहिलं, तर ती मान डोलावत होती. तिला हे सगळं आधीच ठाऊक होतं, आणि मला घरी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

फॉर्मवर हळदीचा गोल डाग पडला होता. तिथेच जीपच्या बॉनेटवर ठेवून मी सही केली.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, ''काय, पाहिलंस का विमान?''

''तार पाहिली,'' म्हटलं, आणि कुकर लावायला आत गेले.