कर्जतच्या चढावरची पिशवी

मुंबईहून पुण्याला निघालो की खिडकीइतकेच माझे लक्ष हुकाला टांगलेल्या पिशवीकडे असते. गाडी सुटताना ती मागे झुकते आणि गाडीने एकसारखा वेग धरला की फलाटावर होती तशीच सरळ लटकते. गॅलिलिओने 1632 मध्ये जहाजाच्या बंद खोलीचा दाखला देऊन हेच मांडले. सरळ रेषेत, एकसमान वेगाने जाणारी खोली चालली आहे की उभी, हे आतल्या कोणत्याही घडामोडीवरून ओळखता येत नाही. बदलापूरजवळ एकसारख्या वेगाने धावणारा डबा म्हणूनच फलाटाइतकीच जडत्वीय चौकट असतो. चौकट बिघडते ती वेग बदलल्याने, मग नुसती दिशा बदलली तरी. वेगात घेतलेल्या वळणावर पिशवी बाहेर झुकते. तो झोका तर अंगाला जाणवतो, मग बाहेर ओढणाऱ्या त्या बलाला आभासी का म्हणायचे? जाणवतो तो आपल्याला आत वळवणारा बाकाचा आणि भिंतीचा रेटा, आणि तो खराच आहे. बाहेर ओढणारी वस्तू मात्र कुणालाच दाखवता येत नाही. रुळांशेजारी उभ्या माणसाच्या हिशेबात तिची गरजही पडत नाही.

कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात, कारण 1863 मध्ये सुरू झालेल्या भोर घाटाच्या या मार्गावर 37 मीटरला एक मीटर इतका चढ आहे. गाडी एकसमान वेगाने चढत असते, तरी पिशवी पुन्हा मागे, सुमारे दीड अंश झुकलेली दिसते. खरे तर कललेला असतो डबा. पण बोगद्याच्या अंधारात हे कळावे कशावरून? सपाट रुळांवर गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे 0.26 मीटर प्रति सेकंदाने वाढत असता, तरी पिशवी एवढीच झुकली असती. कुणी म्हणेल, घड्याळ लावा. अर्धा तास असा वेग वाढता तर तो ताशी 1,700 किलोमीटरच्या आसपास गेला असता, आणि तसे धावणारी आगगाडी नाही. बरोबर, पण ही माहिती डब्याबाहेरची; पिशवीने ती दिलेली नाही. पिशवीत तांदूळ असोत की कापूस, कोन तोच, कारण आभासी बल वस्तुमानाच्या प्रमाणात असते आणि गुरुत्वबलही. आइन्स्टाइनने 1907 मध्ये नेमके हेच साम्य धरून पुढचा विचार केला.

लोणावळ्याला गाडी थांबते. तिथला फलाटही पुरता जडत्वीय नाही, कारण तो पृथ्वीबरोबर फिरतो. फुकोने 1851 मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये 67 मीटरच्या तारेला टांगलेल्या लंबकाचे आंदोलनाचे प्रतल हळूहळू वळताना लोकांना दाखवले. तसा लंबक लोणावळ्यात टांगला, तर त्याचे प्रतल तासाला पाच अंशांहून थोडे कमी वळेल.