एक पाय जमिनीवर

दोस्तांनो, तुमच्याकडे सायकल आहे ना? एकवीस गिअरचीच हवी असं काही नाही. दादाची जुनी, ताईची लेडीज सायकल, घंटी सोडून बाकी सगळं वाजणारी… कुठलीही चालेल. ब्रेक तेवढे चांगले लागायला हवेत! आज मी तुम्हांला एका सायकलवाटेवरून फिरवून आणणार आहे. ही वाट सुरू होते दहिसरला.

"दहिसर? तिथे काय आहे बघायला?" माझ्या आठवीतल्या भाचीने असंच नाक मुरडलं होतं. ती राहते दहिसरलाच, बरं का! तिचंही चूक नाही म्हणा. लोकलने जाणाऱ्याला दहिसर म्हणजे बोरीवलीच्या पुढचं आणि मुंबईतलं शेवटचं स्टेशन. गाडी थांबते, चार माणसं उतरतात, गाडी सुटते. बघायला वेळ असतो कुणाला?

तिने नुकताच दक्षिण स्पेनबद्दलचा एक लेख वाचला होता. तिकडे 'ग्रॅव्हल सायकलिंग' नावाचा प्रकार आहे. ग्रॅव्हल म्हणजे खडी. डांबरी हमरस्ता सोडून खडीच्या, मुरमाच्या, शेतांतल्या वाटांनी सायकल हाणायची. आंदालुसिया प्रांतात मैलोगणती ऑलिव्हच्या बागा आहेत, त्यांच्यामधून अशा वाटा जातात. काही जुन्या रेल्वेमार्गांवरही सायकलवाटा केल्या आहेत. त्यांतली एक तर ३६ किलोमीटरची आहे आणि तिच्यावर तब्बल ३० बोगदे आहेत! याच प्रांतात कोर्दोबा हे शहर आहे. तिथल्या प्रचंड मशिदीचं बांधकाम ७८५ साली सुरू झालं. १२३६ नंतर ती ख्रिस्ती लोकांकडे गेली आणि सोळाव्या शतकात तिच्या पोटातच एक उंच कॅथीड्रल उभं राहिलं. आजही दोन्ही एकाच छपराखाली दिसतात.

"आपल्याकडे असलं काही नसतं," भाची म्हणाली.

"नसतं? चल, काढ सायकल. कोर्दोबाचा थोरला भाऊ दाखवतो. तोही पंधरा मिनिटांवर!"

थोरलाच म्हणायला हवा. कारण मंडपेश्वरचं लेणं सहाव्या शतकाच्या सुमाराचं, म्हणजे कोर्दोबाच्या मशिदीहून जवळजवळ दोनशे वर्षांनी मोठं. दहिसर आणि बोरीवलीच्या सीमेवर, इमारतींच्या गर्दीत ते दडून बसलंय. काळ्या कातळात खोदलेले खांब, आत शिवलिंग, बाजूला नटराजाचं शिल्प. पण नीट बघा हं! एका भिंतीवर मूर्ती तासून त्या जागी मोठा क्रूस कोरलाय. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांनी या लेण्याचंच चर्च केलं. वरच्या टेकाडावर त्यांच्या मठाच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. पुढे मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि लेण्याचं रूप पुन्हा पालटलं.

भाची बराच वेळ त्या क्रुसासमोर उभी होती. मग म्हणाली, "मामा, मग हे खरं कुणाचं?"

"प्रश्न छान आहे. लगेच उत्तर द्यायचं नाही. वाटेत विचार कर."

वाट कुठली? तर सोपाऱ्याची. त्याचं असं झालं, दहिसर नदीच्या पुलावर आम्ही थांबलो होतो. आज या पुलावर नाक दाबून उभं राहावं लागतं. पण हीच नदी राष्ट्रीय उद्यानातल्या तुळशी तलावापासून निघते. त्याच जंगलात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांमध्ये दान देणाऱ्यांची गावं कोरलेली आहेत. कल्याण आहे, सोपारा आहे. म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी सोपाऱ्याचे व्यापारी या जंगलातल्या लेण्यांना दान देत होते. मग आपण उलट्या दिशेने जायला काय हरकत आहे? सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. तेव्हाचं मोठं बंदर!

पहिला टप्पा कंटाळवाणा आणि धोक्याचाही. चेकनाका, काशीमिरा, मग भाईंदर. हमरस्त्यावर ट्रक असे घोंघावत जातात की सायकल हलते. म्हणून पहाटे निघायचं, डोक्यावर हेल्मेट घालायचं, मोठं माणूस बरोबर न्यायचं. गर्दी वाटली तर सरळ उतरून सायकल ढकलत न्यायची. त्यात कसली आलीय लाज?

भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवरून वसईला रो-रो बोट जाते. ही सेवा २०२४ मध्ये सुरू झाली. सायकलसकट बोटीवर चढायचं! मागे रेल्वेचा पूल, काठाने तिवरं, चिखलात टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या आणि खांबावर पंख वाळवत बसलेले पाणकावळे. थोड्याच वेळात समोर येते वसईच्या किल्ल्याची तटबंदी. पूर्वी किल्ल्यात कितीतरी माणसं पाण्यावरून यायची. आपणही तसंच आलो की!

किल्ल्यात शिरलं की चाकांखाली माती येते आणि इथून खरी मजा सुरू होते. वडापिंपळांच्या मुळांनी विळखा घातलेल्या भिंती, बिनछपराची चर्चं, त्यांच्या आत वाढलेलं रान. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना मिळाली आणि दोनशे वर्षं हे त्यांचं श्रीमंत शहर होतं. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा जपानपर्यंत गेला, जपानी भाषा शिकला आणि १५९७ मध्ये नागासाकीला आपल्या धर्मासाठी मारला गेला. पुढे १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं.

आणि १७३९? ते तर तुम्हांला पाठच असेल. चिमाजी अप्पांनी वेढा घातला, सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं आणि मे महिन्यात किल्ला घेतला. पण पुस्तकात एका ओळीत उरकलेली एक गोष्ट इथे आल्यावर नीट कळते. हरलेल्या पोर्तुगिजांना बायकामुलांसह सुखरूप जाऊ दिलं होतं. इथल्या चर्चमधल्या काही घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतली एक वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर टांगलेली आहे आणि एक भीमाशंकरला. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी अजून दिसते! भाचीने पुन्हा माझ्याकडे बघितलं. मला कळलं, तिच्या डोक्यात तोच प्रश्न फिरत होता. मंडपेश्वरला मूर्तीच्या जागी क्रूस, मेणवलीला देवळात मेरी. कुणाचं काय?

वसईपासून पुढे गिरीज, भुईगाव, निर्मळ अशी गावं लागतात. इथे मुद्दाम मोठा रस्ता सोडायचा आणि वाड्यांमधल्या वाटा धरायच्या. दोन्ही बाजूंना केळी, नारळी, पानवेली आणि फुलांचे ताटवे. मातीच्या वाटेवर चालवण्याची एक युक्ती सांगतो. चाकात दगडासारखी टम्म हवा भरू नका. हवा किंचित कमी असली की टायर खड्यावर थोडा दबतो, जमीन धरून ठेवतो. टम्म टायर नुसता उड्या मारतो. वळणावर पुढचा ब्रेक कचकन दाबायचा नाही, नाहीतर पुढचं चाक घसरलंच म्हणून समजा. आणि नजर चाकाखाली नको, दहा पावलं पुढे हवी.

एका वळणावर केळीच्या बनात एक आजोबा पाणी सोडत होते. आम्ही एक पाय जमिनीवर टेकवला. "कुठून आलात?" "दहिसरहून." "सायकलवर?" ते हसले आणि लगेच सुकेळी पुढे केली. सुकेळी म्हणजे वसईच्या केळ्यांची सुकवलेली, मधासारखी गोड केळी. एकदा खाल तर चॉकलेट विसराल! त्यांच्या वाडीत एक छोटं तळं होतं. इकडे त्याला 'बावखल' म्हणतात. आजोबा म्हणाले, "पावसाचं पाणी यात मुरतं, म्हणून आमच्या विहिरी गोड. समुद्र किती जवळ आहे बघ! बावखल बुजवली की विहिरीचं पाणी मचूळ झालंच म्हणून समज. आजूबाजूच्या कितीतरी बुजवून टाकल्या, पोरी."

वसईची हिरवाई आपोआप राहिलेली नाही, दोस्तांनो. ती टिकावी म्हणून इथल्या लोकांनी मोठं आंदोलन केलं. त्याचे एक पुढारी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हे मराठीतले लेखक २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले होते. २०२४ मध्ये ते वारले. आता पुढची बावखल कोण राखणार, हे आजोबांनी विचारलं नाही. पण ते भाचीकडे बघत होते एवढं खरं.

आणि मग आलं सोपारा! ताडामाडांच्या सावलीत विटांचा एक गोल चौथरा दिसतो. गावकरी त्या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणायचे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं, तेव्हा कळलं की हा तर बौद्ध स्तूप! आत एक दगडी पेटी सापडली आणि तिच्यात एकात एक ठेवलेल्या डब्या. तांब्याची, चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि सगळ्यांत आत सोन्याची. सोन्याच्या डबीत काय असेल? हिरे? माणकं? छे! मातीच्या भांड्याचे चिमुकले तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी ते इतक्या मायेने जपले होते.

सोपाऱ्यात त्याच वर्षी आणखी एक वस्तू मिळाली. सम्राट अशोकाच्या लेखाचा दगडी तुकडा. १९५६ मध्ये भुईगावला दुसरा एक सापडला. १८८२ चा तुकडा अशोकाच्या आठव्या लेखाचा आहे. पूर्ण लेख गिरनारसारख्या ठिकाणी वाचायला मिळतो. त्यात काय आहे माहीत आहे? चक्क सहलींबद्दल लिहिलंय! पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी फिरत. अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर निराळ्या यात्रेला निघाला. वडीलधाऱ्यांना भेटायचं, दान द्यायचं, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचं, धर्माबद्दल त्यांना विचारायचं. आणि यातच आपल्याला जास्त आनंद वाटतो, असं त्याने दगडावर कोरून ठेवलं.

भाची स्तूपाशेजारी बसून हे ऐकत होती. हातात उरलेली सुकेळी होती. म्हणाली, "म्हणजे आजोबांशी आपण बोललो तसं?"

"तसंच."

"कुणाचं ते मला अजून नाही कळलं, मामा. पण या सगळ्या जागा कुणीतरी सांभाळल्या म्हणून आपल्याला दिसल्या ना? त्या क्रुसाजवळ कुणीतरी बदाम काढून नावं खरडलीयत. ते वाईट वाटलं."

मीही आणखी काही बोललो नाही. लोकलने हे सगळं अंतर किती थोड्या वेळात संपतं! पण लोकलमधून बावखल दिसत नाही आणि केळीच्या बनातले आजोबाही भेटत नाहीत. सायकलचं हेच तर सुख आहे. मनात आलं की एक पाय जमिनीवर टेकवायचा आणि विचारायचं, "हे काय आहे हो?"

तुम्ही दहिसरचे नसाल तरी बिघडत नाही. तुमच्या गावाजवळही एखादं लेणं, गढी, बारव, जुना बंधारा असेलच. मोठ्यांना सांगून, मित्रमैत्रिणींना घेऊन निघा. पंपाबरोबर पंक्चरचं सामान, म्हणजे सोल्युशन, पॅच आणि घासकागद घ्या. पाण्याची बाटली, वही-पेन्सिल घ्या. बोटीने जाणार असाल तर वेळ आधी विचारून ठेवा. पावसाळ्यात किल्ल्याच्या भिंतींवर चढू नका, दगड निसटतात. भिंतीवर नाव लिहायची फारच हौस आली, तर वही आहेच!

रविवार काही लांब नाही. आत्ताच उठा आणि चाकं दाबून बघा पाहू, हवा आहे का?